महिन्याचा किराणा, जळगावहून

मैत्रिणींनो, फैजपूरसारख्या गावात राहून महिन्याचा सगळा किराणा जळगावहून आणणारी बाई तुम्हाला कशी वाटेल? शिष्ट? उधळी? की हिशेबी? गेलं वर्षभर ती बाई मी आहे, आणि मला स्वतःलाही याचं उत्तर अजून नीट देता येत नाही. म्हणून म्हटलं, झालं ते सगळं सांगून टाकावं.

सुरुवात सूनबाईंनी केली. दिवाळीला ती पुण्याहून आली, तेव्हा फराळाचं सामान आणायला मी पिशवी घेऊन निघाले होते. आमचा दुकानदार म्हणजे अण्णा. घरापासून चार मिनिटांवर दुकान. सूनबाईंनी माझी यादी पाहिली, अण्णांनी दिलेली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही छापील किमतीला घेता सगळं? एक रुपयाही कमी नाही? आम्ही सगळं एकाच मोठ्या दुकानात घेतो. साबण, तेल, चहा, सगळ्यावर काही ना काही सुटतं." मी म्हटलं, "छापील किंमत म्हणजे किंमतच ना!" तर म्हणाली, "नाही हो, ती जास्तीत जास्त. त्याहून जास्त घ्यायची नाही, एवढाच कायदा. कमी घ्यायला कोण अडवतंय?"

खरंच की! इतकी वर्षं पाकिटावरचं वाचत आले, 'कमाल किरकोळ किंमत' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण 'कमाल' हा शब्द डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

मग संक्रांत झाल्यावर मी एक दिवस शेजारच्या काकूंना घेऊन जळगावची एस.टी. पकडली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडच्या कित्येक बायकांचं जळगाव-भुसावळ त्यामुळे जवळ आलंय. पूर्वी पन्नासेक किलोमीटर जायचं म्हणजे लग्नाचा बस्ता नाहीतर दवाखाना, एवढीच कारणं असायची.

त्या दुकानाचं नाव मी इथे सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. पण तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. चकचकीत दिवे, मांडण्यांच्या गल्ल्या, हातात ढकलगाडी, आणि कुणी विचारायला येत नाही की "बोला ताई, काय देऊ?" पहिली पाच मिनिटं मला चुकल्यासारखंच झालं. मागायचं नाही तर घ्यायचं कसं? काकू तर दारातच उभ्या राहिल्या, "कुणाला तरी विचारून घेऊ बाई, हात लावलेला चालतो का."

पण एक सांगू का? त्या मोकळेपणाची जी चटक लागली ती लागलीच. अण्णांच्या दुकानात फळीच्या अलीकडे आपण उभं राहायचं, शेजारी दोन-चार पुरुष, कुणी बिडीकाडी घेतंय, कुणी नुसतंच गप्पा मारतंय. तिथे सॅनिटरी पॅड मागायचे म्हणजे माझ्या मुलीच्या वेळी काय कसरत व्हायची! तिने मला सांगायचं, मी वैनी, म्हणजे अण्णांच्या बायको, दुकानात बसलेल्या दिसल्या की जायचं, आणि त्यांनीही ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायचं. इथे मांडणीवर ओळीने लावलेले. मुली येतात, वाचतात, परत ठेवतात, दुसरं घेतात. कुणी मान वर करून बघत नाही. मला तर चहाच्या तीन पाकिटांच्या पाठी वाचून बघताना परीक्षेला बसल्यासारखा आनंद झाला. कधी कुणी एवढा वेळ वाचू दिलं होतं?

गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल घ्यायचा, ही पद्धत काही आपली नाही. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस गावी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने असं दुकान काढलं, त्याचं नाव 'पिगली विगली'. त्याआधी तिथेही आपल्यासारखाच फळीपलीकडचा नोकर माल काढून द्यायचा. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा शहरातल्या एका दुकानदाराने ढकलगाडी काढली. आधी कुणी तिला हात लावेना, तेव्हा त्याने म्हणे पगारी माणसं ठेवून त्यांच्याकडून दुकानभर गाड्या ढकलून घेतल्या! त्याने ती का काढली होती माहीत आहे? हातातली टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते. गाडी जड होत नाही.

हे मला आधी कळलं असतं तर पहिल्या महिन्याचं बिल सहा हजार नऊशे झालं नसतं.

हो, सहा हजार नऊशे! अण्णांकडे आम्हा दोघांचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धरून, महिन्याचा किराणा बावन्नशेच्या आसपास बसायचा. मी स्वस्तातलं आणायला गेले आणि सतराशे जास्त घालून आले. शिवाय भाडं वेगळं. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी चष्मा लावून पावती वाचली. ती पावती तरी केवढी, लुगड्याच्या काठासारखी लांब. "झाकणाचे डबे सहा. बरं. हे 'ओट्स' कोण खाणार? आणि बादली? आपल्या बादलीला काय झालं?" मी म्हटलं, "एकशे चाळीस रुपये कमी होती." हे म्हणाले, "घेतली नसती तर आणखी कमी झाली असती." मास्तर माणूस, गणितात हरणार नाही.

तर मैत्रिणींनो, तीन महिने असं शिकण्यात गेलं. चौथ्या महिन्यापासून जमू लागलं. कसं जमवलं ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल. यादी घरी करायची आणि ती स्वयंपाकघरातले डबे उघडून करायची, आठवून नाही. जेवून निघायचं. ढकलगाडी न घेता हातातली टोपली घ्यायची, दोघींत दोन. 'एकावर एक' दिसलं की थांबायचं आणि पाकिटावर बारीक अक्षरात एका ग्रॅममागची किंमत छापलेली असते ती वाचायची. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. एकदा मला बिस्किटांचा मोठा पुडा लहान पुड्यापेक्षा महाग निघाला. आणि गल्ल्यावरून हलायच्या आधी पावती मोजायची. एका महिन्यात धुण्याच्या साबणाची वडी दोनदा मोजली गेली होती. बस सुटायची वेळ, मागे रांग, पण मी हलले नाही. पैसे परत मिळाले.

सगळंच तिथून घ्यायचं, असा माझा पण होता. तो मोडला तो धान्यापाशी. आमच्या खान्देशात उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं असतं. दादर ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून येते, गव्हाला एरंडेल चोळून कोठीत, उडीद घरचे. कळण्याच्या भाकरीला ज्वारी आणि उडीद गिरणीतून आपल्यासमोर दळून आणल्याशिवाय आमच्या ह्यांचा घास उतरत नाही. मोठ्या दुकानातलं पाच किलोचं पीठ आणून एकदा भाकरी थापली, तर काठ फाटून नकाशा झाला. तूरडाळ मात्र तिथली घेऊ लागले. जळगाव तर डाळीच्या गिरण्यांचंच गाव, म्हणजे डाळ तिथलीच, फक्त पिशवी नवी. वांगी कुणी तिथून आणली तर फैजपुरात तिचं हसूच होईल. बामणोद हाकेच्या अंतरावर असताना भरताचं वांगं थंड पेटीतून उचलायचं? आणि केळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. केळी दुकानात विकत मिळतात हे मला लग्न होऊन या गावात आल्यावर विसरायलाच झालं होतं.

एकदा आमच्या ह्यांनी चिमटा काढला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपूरचं. पंडित नेहरू अध्यक्ष, आणि गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन इथे मांडायला लावलेलं, की बाबांनो, गावात होतं ते गावात घ्या. "आणि त्या गावची सून," हे म्हणाले, "पापडसुद्धा जळगावहून आणते!" पापड मी आणले नव्हते हो. उडदाचे पापड अजून घरीच लाटते. पण बोलणं लागलं ते लागलंच.

बचतीचं म्हणाल, तर सहा-सात महिन्यांनी बिल शेहेचाळीसशेवर स्थिरावलं. भाडं, रिक्षा आणि स्टँडवरचा चहा धरून महिन्याला चारशे रुपये सुटतात. वर्षाला किती होतात ते तुम्ही करा. निवृत्त मास्तरांच्या घरात ती लहान रक्कम नाही.

त्यांना हे परवडतं कसं, याचा मी जरा शोध घेतला. आपल्याकडे या धंद्यात सगळ्यात गाजलेलं नाव डी-मार्ट. राधाकिशन दमाणींनी २००२ साली मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं, आणि मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. बहुतेक जागा भाड्याच्या न घेता स्वतःच्या घ्यायच्या, माल देणाऱ्या कंपन्यांचे पैसे थकवायचे नाहीत, लवकर द्यायचे, म्हणजे ते भाव कमी लावतात. गंमत म्हणजे त्याआधी दमाणींनी नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. आणि अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावात कामगारांनी उभी केलेली सहकारी संस्था. माझी मावशी डोंबिवलीला असायची, ती मुंबई ग्राहक पंचायतीत होती. ही पंचायत १९७५ सालची. शेजारच्या दहा-बारा घरांनी मिळून संघ करायचा, यादी लिहून द्यायची, एका घरी सामान उतरायचं आणि बायकांनी तिथेच वाटून घ्यायचं. सुट्टीत गेले की मावशी मला पिशव्यांवर नावं लिहायला बसवायची. म्हणजे स्वस्तात किराणा घेणं हे काही सूनबाईंच्या पिढीने शोधलेलं नाही.

रोख मोजायला मात्र हवेत. तिथे वही नाही.

आणि इथे मला अण्णांच्या वहीबद्दल सांगायला हवं, जे मी इतका वेळ टाळतेय.

आमचं लग्न १९८९ सालचं. हे तेव्हा एका विनाअनुदानित शाळेत लागलेले. विनाअनुदानित म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर सात वर्षं काढली. महिन्याला हातावर काय पडेल याचा नेम नाही, कधी तीनशे, कधी काहीच नाही. मुलगा लहान, सासूबाई आजारी. त्या सात वर्षांत अण्णांच्या दुकानातून आमच्या घरी सामान यायचं एकदाही थांबलं नाही. लाल वहीत 'मास्तर' असं पान होतं. एका वर्षी त्या पानावर एकतीसशे रुपये चढले होते. १९९४ चे एकतीसशे! मी मान खाली घालून गूळ मागितला, तर अण्णांनी गूळ दिला आणि वर मुलाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. पैशाचा शब्द नाही. पुढे ह्यांना अनुदानित शाळा मिळाली, तेव्हा दीड वर्ष लागलं ते पान कोरं करायला. व्याज म्हणून त्यांनी एक पैसा लावला नाही. कुणी म्हणेल, छापील किमतीत ते वसूल होतंच. होत असेल. मीही आता हिशेब शिकलेय. पण छापील किंमत तर तेव्हा रोखीवालाही देतच होता ना!

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, तेव्हा पुन्हा तीच वही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा अण्णांचा मुलगा तोंडाला रुमाल बांधून ओट्यावर पिशवी ठेवून जायचा आणि लांबून ओरडायचा, "काकू, साखर एकच किलो हाय, सगळ्यांले द्या लागते."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या दुकानावरून जळगावच्या पिशव्या घेऊन कशी जाऊ? मी जात नव्हते. स्टँडवरून रिक्षा केली की मागच्या गल्लीने वळायला सांगायची. पिशव्यांवर घरून नेलेली जुनी चादर. रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाई काय चोरून आणतेय! अण्णांकडे जायचे ते अडीनडीचं, कोथिंबीर, काडेपेटी, पाव किलो शेंगदाणे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "वैनी, हल्ली यादी येत नाही तुमची?" आणि मी म्हटलं, "आता दोघंच माणसं आम्ही अण्णा, किराणा लागतोच किती."

खोटं बोलले, मैत्रिणींनो. साठीला आलेली बाई साबण-तेलासाठी खोटं बोलले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे काहीच बोलले नाहीत. त्यांनी चिमटा काढला असता तर बरं वाटलं असतं.

मध्ये मी ठरवलंही होतं की पुरे झालं, अण्णांकडेच घ्यायचं. मग त्याच महिन्यात ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, आणि डब्यात जमवलेले ते चारशे-चारशे कामी आले. म्हणजे ते पैसेही काही खोटे नव्हते.

आणि मग गेल्या महिन्यातली गोष्ट. काकूंना बरं नव्हतं, मी एकटीच गेले. तेलाच्या गल्लीत वळते तर समोर अण्णा. अंगात तोच पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि दोन्ही हातांनी धरलेली भरगच्च ढकलगाडी. धुण्याची पावडर, चहाची पाकिटं, टूथपेस्ट, सगळं डझनाने. मी पाहतेय, ते पाहताहेत. माझ्या टोपलीत महिन्याचा किराणा. दोघंच माणसं आणि टोपली काठोकाठ.

कोण आधी बोलणार? शेवटी तेच बोलले. "काय करता वैनी. आमच्या होलसेलवाल्यापेक्षा इथं सस्तं पडते मले." आणि जरा थांबून, "दुकानात सांगतो, माल डायरेक्ट कंपनीचा हाय म्हणून."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे मी जळगावहून आणून त्यांच्यापासून लपवत होते आणि ते जळगावहून आणून माझ्यापासून! अधूनमधून मी त्यांच्याकडून घेतलेली चहाची पुडी इथूनच एस.टी.त बसून गेली असणार. ती तेवढीच मी छापील किमतीला घेतलेली.

ते म्हणाले, दुकानं टिकवायची तर असंच करावं लागतं. लहान दुकानदाराला कंपनीचा माणूस आठवड्याने येऊन देईल तो भाव. शंभर पिशव्या घेणाऱ्याला आणि दहा घेणाऱ्याला एक भाव कसा मिळेल? मुलगा आता दुकानात बसायला नाही म्हणतो, पुण्याला मालाच्या गोदामात नोकरीला लागलाय. कुठल्या गोदामात, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "वैनी, एक काम होतं. तेलाच्या पिशव्या एका बिलावर पाचच देतात. आमच्या भाच्याले दुसऱ्या रांगेत उभं केलंय, तरी दहाच होतात. तुमच्या टोपलीत दोन दिसतात. तीन आणखी घ्याल का तुमच्या बिलावर?"

घेतल्या. माझ्या त्या साध्यासुध्या महिन्याच्या बिलावर तेलाच्या पाच पिशव्या आल्या. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "घरी कार्यक्रम आहे का काकू?" मी म्हटलं, "हो, कार्यक्रमच म्हणायचा."

परतीच्या बसमध्ये आम्ही पुढच्या-मागच्या बाकांवर बसलो. भाच्याने खोकी मागच्या बाकाखाली लावली, माझ्या पिशव्याही त्यानेच चढवल्या. त्या दिवशी चादर टाकली नाही. तापीचा पूल गेल्यावर अण्णांनी पाकीट काढलं, तर सुटे नव्हते, आणि मोबाइलवरून पैसे पाठवायचं मुलगा शिकवून गेलाय पण त्यांना जमत नाही. "राहू द्या हो, पळून जाताय का," मी म्हटलं. पण ऐकायला तयार नाहीत. खिशातून छोटी वही काढली, बस हलतेय, पेन उड्या मारतंय, तरी त्यांनी माझ्या देखत लिहिलं: 'मास्तर', आणि पुढे तीन पिशव्यांचे पैसे, जमा.

चार दिवसांनी गूळ आणि शेंगदाणे आणायला गेले, तेव्हा त्यांनी ते त्यातून वजा केले. वैनींनी आतून चहा आणला. अडुसष्ट रुपये अजून वहीत उरले आहेत. ते त्यांनी दिले नाहीत, आणि मीही मागितलेले नाहीत.